मुरणं आणि पळणं

सचिन नावाच्या गावातल्या कारखान्यांमागे आमची सोसायटी आहे. सोसायटी आपली नावाला. लूमवर पोट भरायला खानदेशातून आलेल्यांच्या तीन गल्ल्या, एवढंच. गटाराची लाइन येणार, येणार म्हणता माझे नातू कॉलेजात गेले. लाइनचा अजून पत्ता नाही. तोवर प्रत्येक घरामागे मैल्याची टाकी आणि तिच्यामागे शोषखड्डा. त्याला इथे खाळकुवा म्हणतात. आणि आमच्याकडे खाळकुवा म्हटलं की चिंधा.

आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. तो हसून म्हणायचा, "नाव चिंध्यांचं, आणि जन्मभर विणलं नवं कापड!" तीस वर्षं लूमवर बारा-बारा तास उभा राहिला. कान अर्धे गेले, गुडघे गेले. सुट्टीच्या दिवशी तरी पडून राहावं की नाही? तर हा पहार घेऊन कुणाच्या तरी परसात.

जागा तपासायची त्याची रीत सगळ्या वस्तीला पाठ होती. हातभर खड्डा खणायचा, बादलीभर पाणी ओतायचं आणि उकिडवं बसून बिडी पेटवायची. बिडी संपायच्या आत पाणी गेलं की जागा पास. आमच्या गल्लीतल्या मालतीबाईंची जागा अर्ध्या बिडीत पास झाली, हे त्या येईल त्याला सांगायच्या. सून आणताना हुंडा नको म्हटल्याचंही त्यांनी कुणाला एवढं सांगितलं नसेल!

यंदा मे महिन्यात त्यांच्या सुनेचं, सुषमाचं, बाळ दोन महिन्यांचं झालं. अंगावरचं दूध आटल्याने ते बाटलीवर होतं. डब्यातली पावडर आणि दारच्या बोरिंगचं पाणी. आमच्या गल्लीतली उज्ज्वला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. ती ते पाणी घेऊन गेली आणि कागद घेऊन आली. मी आणि चिंधा तेव्हा मालतीबाईंच्याच ओट्यावर चहा पीत होतो.

"काकू, नायट्रेट पंचेचाळीसच्या आत हवं. इथे एकशे दहा आहे. बाळाच्या रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. निळं पडतं बाळ."

"मी वीस मिनिटं उकळते गं!"

"उकळून ते जात नाही. पाणी आटतं, तसं आणखी वाढतं. खाळकुवा बोरिंगपासून पंधरा पावलांवर आहे. तिथूनच येतंय."

मालतीबाई हसल्या. "चिंधाभाऊंचा खड्डा आहे तो! अर्ध्या बिडीचा! तुझं मशीनच बिघडलं असेल." आणि आत वळून म्हणाल्या, "सुषमा, बाटली भर गं, रडतोय तो."

चिंधाने कप खाली ठेवला. "पोरी, पाणी लवकर गेलं तर वाईट का?"

"फार लवकर गेलं तर वाईटच, काका. मातीला ते गाळायला वेळच मिळत नाही. आधी दिवसभर भिजवून मग मोजायचं असतं. तुम्ही कधी मोजलं होतं?"

"मे महिन्यात," चिंधा म्हणाला. "काळी जमीन. हात जाईल एवढ्या भेगा होत्या."

आत बाटली हलवल्याचा आवाज येत होता. तो भिंतीला धरून उठला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"सूनबाई, ते पाजू नको. वहिनी, मी चुकनू."

"काय बोली ऱ्हायनात, भाऊ? तुम्ही आणि चुकाल?"

"वहिनी, कैरीचं लोणचं मुरायला किती दिवस लागतात?"

"महिना तरी."

"आणि सकाळी घातलं, संध्याकाळी बरणी रिकामी दिसली, तर मुरलं म्हणाल? तसंच झालं. ते पाणी मुरलं नाही, पळालं. भेगांतून सरळ तुमच्या बोरिंगात. आणि मी बिडी ओढत खुश होत बसलो."

मालतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सुषमाच्या हातातून बाटली घेतली आणि मोरीत पालथी केली. चिंधाकडे पाठ करूनच त्या बाटली धुऊ लागल्या. शेजारून टँकरच्या पाण्याची कळशी मीच आणून दिली.

बाहेर आल्यावर चिंधाने विचारलं, "मग खणायचं कुठे?"

"खणायचंच नाही," उज्ज्वला म्हणाली. "पावसात ही माती फुगते, मग पाणी जागचं हलत नाही. बोरिंगपासून लांब, जमिनीच्या वर वाळूचा वाफा करायचा. वाळूतून गाळलेलं पाणी लाकडाच्या भुशाच्या थरात सोडायचं आणि भुसा कायम ओला ठेवायचा. त्यातले जंतू नायट्रेट खातात."

"भुसा मिळेल, फर्निचरवाल्याकडे," चिंधा म्हणाला. आवाजात जीव नव्हता.

मला वाटलं, आता घरी जाऊन पडेल. तो बोटं मोजत होता. "एकोणीस," म्हणाला. "तीन गल्ल्यांत माझे एकोणीस खड्डे आहेत, दादा. अर्धे उन्हाळ्यातले."

"उद्या जा की."

"उद्या लूमवर पाळी आहे."

शेजारी रंजनाताईंचं घर. तीनच पायऱ्या, पण दुसरीवर तो थांबला, गुडघा दाबला, मग वर जाऊन कडी वाजवली.

"या की चिंधाभाऊ! आज पहार नाही का?"

"नाही, ताई," तो म्हणाला. "आधी सांगा, घरात बाटलीवरचं कोणी आहे का?"