सायकलपारखी आबाजी आणि लडकूची स्प्रिंगवाली

कशेळ्यात कुणाला सायकल घ्यायची असली, की तो आधी आबाजीचं दार गाठायचा. मुलगी बघायला जाताना दोनचार शहाणी माणसं बरोबर नेतात, तसं आबाजीला कर्जतच्या दुकानात नेण्याची पद्धतच पडून गेली होती. जाताना एस.टी.त खिडकीची जागा, दुकानात पहिला चहा आणि परतताना कांदाभजी, एवढा मान त्याला न मागता मिळायचा.

आबाजीचं हे ज्ञान मुंबईचं होतं. तरुणपणी त्याने गिरगावात सायकलच्या दुकानात नोकरी केली होती. नोकरी म्हणजे सकाळी सायकली बाहेर मांडायच्या, दिवसभर फडक्याने पुसायच्या आणि संध्याकाळी आत घ्यायच्या. पण पुसता पुसता मालक गिऱ्हाइकाशी काय काय बोलतो, ते त्याने पाठ करून टाकलं. भातशेती सांभाळायला गावी परतला, तो ती सगळी पुंजी घेऊन. ‘फ्रेमचा ताठा’, ‘चाकाचं मन’, ‘चेनीची जीभ’ असे शब्द तो सहज फेकायचा. त्यातले निम्मे मालकालाही ठाऊक नसावेत.

तपासणीची रीत ठरलेली. आबाजी सायकलीभोवती सावकाश एक फेरी मारायचा. बोटाच्या पेराने दांडी वाजवायचा आणि तिला कान लावायचा. चाक फिरवून डोळे मिटायचा. टायर हुंगायचा. मग बराच वेळ गप्प. घेणाऱ्याचा जीव टांगणीला लागला, की म्हणायचा, “गाडी चांगली हाय. पण जपून वापर.”

हा निकाल कधी चुकला नाही. सायकल टिकली तर ती चांगलीच होती आणि मोडली तर ती जपून वापरली नव्हती.

एवढ्या मोठ्या पारख्याला सायकल चालवता येत नव्हती, ही गोष्ट मात्र गावाच्या ध्यानात आली नव्हती. त्याची स्वतःची हिरवी सायकल होती. हँडल धरून, शेजारी चालत, तो ती ऐटीत बाजाराला न्यायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “चढ हाय ना रं.” उतारावर म्हणायचा, “ब्रेक झिजतात.” सपाटीवर कुणी गाठलं तर, “तापली हाय, जरा निवू दे.” लोक आपसांत म्हणायचे, बघा, वस्तू कशी जपावी!

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, चंद्राबाईला माहीत होतं. लग्नाच्या वर्षी आबाजी सायकल शिकायला गेला होता, तो निवडुंगाच्या कुंपणात. ते काटे तिनेच काढले होते. नवऱ्याची लाज राखायची म्हणून तिने कधी तोंड उघडलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली तरुण मंडळाने सव्वीस जानेवारीला सायकलची शर्यत ठरवली. डांबरी रस्त्यावर एस.टी. आडवी येते, म्हणून शर्यत रानातून घ्यायची असं ठरलं. कापलेल्या भातखाचरांतून बांध ओलांडत जायचं, खडीचा चढ चढून माळावर पोचायचं आणि दगडधोंड्यांच्या पायवाटेने ओढ्यापर्यंत खाली यायचं. शर्यतीची वाट म्हणून ती कुणी आखली होती ते मागाहून कुणीच कबूल केलं नाही.

गावचा लडकू साजगावच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. त्याने ती वाट बघितली आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. चौक गावच्या गॅरेजांत भंगारातल्या मोटरसायकली पडलेल्या असत. त्यांच्या स्प्रिंगा मागून आणून त्याने आपल्या सायकलीला दोन पुढे, दोन मागे बसवल्या. मधली दांडी कापून तिथे बिजागरी लावली. सायकल तयार झाली तेव्हा तिच्यावर बसलं की ती खाली बसायची आणि उतरलं की उठून उभी राहायची.

चांगो दूधवाल्याने ती बघताच हरकत घेतली. “आमी हाडं खिळखिळी करायची न् ह्यो गादीवर बसून जानार? ह्ये चालायचं नाय.”

“नियमात कुठं लिवलंय, स्प्रिंग नको म्हणून?” लडकू म्हणाला.

नियम लिहिलेच नव्हते. सरपंच भिवाजीने दोन्ही हात वर केले. “भांडू नका रं. आपल्या गावात आबाजीसारका मानूस असताना भांडता कशाला? ते सांगतील तसं.”

शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळा गाव माळावर जमला. आबाजी धुतलेलं धोतर नेसून आला. फेरी मारली, दांडी वाजवली, टायर हुंगला. स्प्रिंगांसाठी जुनी रीत नव्हती, म्हणून त्याने प्रत्येक स्प्रिंगेला एकेक टिचकी मारली. मग डोळे मिटले.

“गाडी चांगली हाय. पण—”

“तसं नको, आबाजी,” सरपंच म्हणाला. “ही गाडी नव्या जातीची. बसल्याबिगर तिची पारख कशी व्हायची? हितून खाली ओढ्यापर्यंत चालवून बघा न् मंग सांगा.”

“गुडघा धरलाय रं माझा.”

“स्प्रिंग हाय ना, काका!” लडकू हौसेने म्हणाला. “गुडघ्याला कळनारपन नाय.”

आबाजीने चंद्राबाईकडे बघितलं. ती पुढे आली, त्याच्या धोतराचा काष्टा नीट खोचला आणि हळूच म्हणाली, “हँडल सोडू नका. बाकी काय व्हायचं ते होऊ दे.”

दोघांनी धरून आबाजीला वर बसवलं आणि आदराने ढकललं.

पहिला दगड आला तेव्हा आबाजीने डोळे मिटले. आपण पडलो, असं त्याला वाटलं. पण सायकलीने दगड गिळला आणि ती पुढे गेली. दुसरा धोंडा आला, तोही गेला. उतार वाढला. काष्टा सुटून शेपटासारखा मागे फडफडू लागला. “धरा रं! धरा मला!” तो ओरडत होता. माळावरच्या लोकांना एवढंच दिसलं, की आबाजी गर्जना करीत चाललाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रेक कुठे असतो हे त्याला अनेक वर्षं माहीत होतं. तो दाबायचाही असतो, हे त्या क्षणी आठवलं नाही. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी सपासप मागे गेल्या. आणि मधेच कुठेतरी त्याचं ओरडणं थांबलं. वारा तोंडावर येत होता, पोटात गुदगुल्या होत होत्या. आपण चाललोय, हे त्याला कळलं.

ओढ्याच्या कोरड्या वाळूत चाक रुतलं. सायकल क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग आबाजीसकट अलगद आडवी झाली. लोक धावत पोचले तेव्हा तो वाळूत पडून हसत होता.

“काय निकाल, काका?” लडकूने धापा टाकत विचारलं.

“थांब. आता तू चढाला चालव.”

लडकू पेडल मारू लागला. प्रत्येक पेडलला सायकल नमस्कार घातल्यासारखी खालीवर होत होती. आबाजीने तिचं वजनही उचलून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलला. “उताराला ह्या गाडीला तोड नाय. पण चढाला पायाचा निम्मा जोर ह्या स्प्रिंगाच खातात. आनि बांधावर उचलून घेताना दम निघंल, इतकी जड हाय. शर्यतीला येऊ दे. फायदा न् तोटा सारका.”

गाव जरा हिरमुसला. ताठा नाही, मन नाही, जीभ नाही. हे तर कुणालाही कळण्यासारखं होतं.

शर्यत तशीच झाली. लडकूने बांधांवर सायकल खांद्यावर वाहिली, चढावर तो सगळ्यांच्या मागे पडला आणि उतारावर एकेकाला टाकत दुसरा आला. पहिला आला चांगो. रोज दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून चढणाऱ्याला रिकामी सायकल कापसासारखी वाटली. तिची साखळी दोनदा पडली, पण त्याला सवय होती.

त्यानंतर कुणी सायकल दाखवायला आणली की आबाजी विचारायचा, “तुला जायचं कुठं? बसून बघ न् तूच सांग.” एवढ्यासाठी कुणी भजी खायला घालत नाही. लोक मोरू शिंप्याकडे जाऊ लागले. मोरू सीटवर कान ठेवून बराच वेळ गप्प बसायचा.

आबाजीला त्याचं फारसं वाटलं नाही. तो शाळेमागच्या पटांगणात सायकल शिकत होता. कॅरिअर धरून चंद्राबाई मागून पळायची आणि ओरडायची, “म्होरं बघा, माझ्याकडं काय बघता!” गाव कुंपणाशी उभा राहून बघायचा. चालवता येत असून हा शिकतोय कशाला, ते कुणाला उमगेना. अखेर मोरूने सांगितलं, की पारख फार झाली की असं होतं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला आबाजीने शर्यतीत नाव दिलं. तो ओढ्यावर पोचला तेव्हा बक्षीस वाटून झालं होतं आणि मंडळाची पोरं पताका गुंडाळत होती. चंद्राबाई तेवढी दगडावर बसून होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“पडलात का कुठं?”

“दोनदा,” आबाजी म्हणाला आणि गटागटा पाणी प्यायला. मग तिला कॅरिअरवर बसवून घरी घेऊन गेला.