माझी खेकडा भजी आणि ओटीवरचा व्यवहार

मैत्रिणींनो, अजून अंगाला तेलाचा वास आहे, तरी लिहितेच.

आज दुपारी मुंबईहून दीर आले. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, खेकडा भजी करा ना. तुमच्यासारखी कुणाला जमत नाय."

मीही हुरळले. कांदा उभा पातळ चिरला, मीठ चोळून ठेवला. सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन घातलं. वरून थेंबभर पाणी नाही, म्हणून माझी भजी कुरकुरीत होतात.

भजी गरमच खायची, त्यामुळे करणारी कढईपाशीच अडकते. चौथा घाणा काढून मी ओटीवर गेले, तर नवरा आणि दीर कागदांची घडी घालत होते. डोंगराकडची वरकस जमीन विकायची ठरली होती. लग्न होऊन आल्यापासून तिथे दरवर्षी नाचणी लावते ती मी.

"मला विचारलंत का?"

नवरा म्हणाला, "अगो, तू कामात होतीस ना!"

दिरांनी एक भजं उचललं. "वहिनी, काय कुरकुरीत झालीत!"

खरं सांगा, तुमच्या घरातले निर्णय झाले तेव्हा तुम्ही काय तळत होतात?