सहावं घड्याळ

मला राग लवकर येतो आणि तो बहुतेक वेळा भलत्याच माणसावर निघतो. चार-पाच वर्षांपूर्वी तीर्थपुरीच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या नव्या वर्गखोलीत, तो दोन बादल्या पाण्यावरून निघाला.

मी जालन्याच्या एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. मस्तगडातल्या घरून सकाळी निघायचं, दिवसभर सळ्या ताणून तोडायच्या, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचे आणि आकडे लिहायचे. काम तोडफोडीचं असलं तरी मन रमतं, कारण सळई तुटली की तुटली, त्यात वाद नसतो. बाहेरची कामं मात्र तशी नसतात. उभी इमारत मोडून बघता येत नाही. ती न मोडता, ती मोडेल का हे सांगायचं असतं.

त्या शाळेचं तसंच झालं होतं. खोलीचा स्लॅब ओतून झाला, पण त्याच काँक्रीटचे ठोकळे आमच्या लॅबमध्ये कमी दाबाला फुटले. मग एकच मार्ग उरला. स्लॅबवर वाळूच्या गोण्या रचायच्या, पुरते चोवीस तास ठेवायच्या, मग उतरवायच्या. ओझ्याखाली स्लॅब किती वाकला ते मोजायचं आणि ओझं उतरल्यावर पुढच्या चोवीस तासांत किती परत वर आला तेही मोजायचं. वाकला त्याच्या शंभरातले पंचाहत्तर भाग तरी परत यायला हवेत. आले तर पोरं आत बसणार, नाही आले तर खोलीला कुलूप.

जुनी खोली पाडून झाली होती. चार वर्ग एका पत्र्याच्या शेडमध्ये बसत. मेच्या उन्हात त्या पत्र्याखाली मी पाच मिनिटं उभी राहिले आणि बाहेर आले. मुख्याध्यापक बाई दोन वर्षं त्या शेडमध्ये शिकवत होत्या. माझ्याच वयाच्या, बारीक, आवाज मात्र मैदानापलीकडे जाणारा. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, जूनला पोरं नव्या खोलीत बसली पाहिजेत. बाकी काही मागत नाही मी." जसं काही खोली माझ्या पर्समध्ये होती.

आम्ही खोलीत सहा उभ्या नळ्या जमिनीत ठोकल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर डायल गेज बसवलं. हे यंत्र दिसायला घड्याळासारखं, त्याची दांडी वर स्लॅबला टेकलेली. स्लॅब केसाएवढा हलला तरी काटा फिरतो. पाच घड्याळं मधल्या भागात होती. सहावं मी सवयीने खांबाला लागून लावलं. तिथे स्लॅब हलायचं काही कारण नसतं, म्हणून तिथला आकडा कुणी बघतही नाही.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारातून सगळं बघत होत्या. त्यांनीच विचारलं, "एवढी घड्याळं कशाला वो? एकानं टाइम कळत न्हाई का?" मी हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "म्याडम, माझी नात यंदा पहिलीत चालली. हितंच बसन ती. हे पडणार तर न्हाई ना?"

"बिलकुल नाही," मी म्हणाले. अजून एक गोणीसुद्धा वर चढली नव्हती आणि मी बिलकुल म्हणून मोकळी झाले होते.

दुपारपर्यंत मजूर गोण्या चढवत होते आणि मी वर उन्हात उभी राहून मोजत होते. खाली आले तर खोलीतली जमीन ओली. मावशींनी दोन बादल्या पाणी शिंपलं होतं. फरशी बसायची बाकी होती, मातीवर मुरमाचा थर होता आणि धूळ उडत होती. पाहुणी माणसं धुळीत बसणार म्हणून त्यांनी अंगणात शिंपतात तसं हलक्या हाताने शिंपलं होतं, कडेला सतरंजीही टाकली होती.

मी भडकले. "मावशी, यंत्रावर पाणी उडलं असतं तर? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"धूळ उडून राह्यली व्हती..." म्हणत त्यांनी रिकामी बादली उचलली आणि गेल्या. मी सहाही घड्याळं पुसली. एकावरही थेंब नव्हता. तरी मी त्यांना हाक मारली नाही. पुढचे दोन दिवस त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत आणि पाणी तर कुणीच शिंपलं नाही. दारं-खिडक्या बसलेल्या नव्हत्या, गरम वारा आरपार जायचा, जमीन पुन्हा कोरडी ठणठणीत झाली.

दुसऱ्या दिवशी पूर्ण ओझ्याखाली स्लॅब चार मिलिमीटरच्या थोडा पुढे वाकला. गोण्या उतरवल्या. उन्हानेही स्लॅब थोडा वाकतो, म्हणून तिसऱ्या दिवशी ऊन तेवढंच असताना, त्याच वेळेला, शेवटचे आकडे घेतले. हिशोब केला. शंभरात शहात्तर.

बाईंनी मला मिठीच मारली. कुणीतरी गाडीवर तीर्थपुरीला जाऊन पेढे आणले. मावशी लांब उभ्या होत्या. मी पेढा घेऊन गेले, त्यांनी घेतला आणि पदरात बांधला. नातीसाठी असेल. मला वाटलं, झाली फिट्टंफाट.

लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करताना सहाही घड्याळांचे आकडे भरावे लागतात. पाच भरले. सहावा भरताना हात थांबला. खांबापाशीचं घड्याळ ओझं असताना मिलिमीटरचे साठ शतांश हललं होतं आणि शेवटी परत आलं होतं, दहा शतांश तेवढे बाकी होते. खांबाशी स्लॅब अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खाली जाऊन परत वर येत नाही. तसं झालं असतं तर खांब रबराचा म्हणावा लागला असता.

म्हणजे स्लॅब हलला नव्हता. घड्याळ हललं होतं. घड्याळाखालची नळी, आणि नळीखालची जमीन. आणि एक नळी वर उचलली गेली असेल तर बाकीच्या पाचांचं काय?

मराठवाड्यात जन्म गेला माझा. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, हे मला यंत्राने सांगायची गरज नव्हती. पाणी पडलं, माती फुगली, नळ्या वर आल्या, आणि स्लॅब होता त्याहून जास्त वाकल्यासारखा दिसला. मग मी रागावले, पाणी थांबलं, माती वाळून आकसली, नळ्या खाली गेल्या, आणि स्लॅब होता त्याहून जास्त परत आल्यासारखा दिसला. पास झाली होती ती माती.

मी सहाव्या घड्याळाचे आकडे बाकीच्यांतून वजा करून पाहिले. चौऱ्याहत्तर पूर्णांक नऊ. पण पाणी सगळीकडे सारखं थोडंच पडलं असणार? मध्ये जास्त पडलं असेल तर सत्तर, कमी पडलं असेल तर शहात्तर. स्लॅब पंचाहत्तरच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्या आकड्यांतून कुणालाच सांगता आलं नसतं.

लॅबच्या सरांना सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, "चौऱ्याहत्तर नऊ म्हणजे पंचाहत्तरच की. आपण रोज असं करतो." रोज करतोच. सळईच्या आकड्यात शेवटचा अंक असाच वर सरकवतो, त्यात गैर काही नसतं. मी म्हणाले, "सर, हा आकडा वजाबाकीचा आहे. त्याच्या शेवटच्या अंकाला काही अर्थच नाही. पुन्हा टेस्ट करावी लागेल." रिपोर्टचा कागद सरांनी स्वतःच फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अंबडमार्गे तीर्थपुरी, तिथून काळीपिवळी जीप. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. फोनवर सांगता आलं असतं, पण भित्रेपणालाही काही मर्यादा असते.

बाई शेडमधल्या कपाटातून पुस्तकं काढून नव्या खोलीत नेत होत्या. मी सांगितलं. त्यांना आधी कळेना, मग पटेना.

"शहात्तर म्हणल्या होत्या ना तुम्ही?"

"हो."

"मंग आकडा बदलतो का? पेढे वाटले मी. गावाला सांगितलं. आता काय सांगू, मॅडमला शंका आली म्हणून?"

"शंका नाही बाई. मला माहीतच नाहीये. शहात्तर म्हणाले तेव्हाही माहीत नव्हतं."

त्यांनी हातातला गठ्ठा खाली आपटला. मला त्यांचा राग आला नाही, आयुष्यात पहिल्यांदाच असेल. मी खोलीत गेले आणि नळी होती तिथे नखाने मुरूम उकरायला लागले. मागून एक हात पुढे आला, त्यात खुरपं होतं. मावशींनी मला बाजूला सारलं आणि चार घाव घातले. बोटभर मुरमाखाली काळीभोर माती निघाली. जोत्यात मुरूम भरायचा सोडून बाजूच्या शेतातली माती भरली होती.

"मी पाणी शिपलं म्हणून झालं का वो हे?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी खाली काय आहे ते बघितलं नाही म्हणून झालं. आणि तुमच्यावर रागावले, ते चुकलं माझं."

त्या खुरप्याची माती झटकत बसल्या.

चार दिवसांनी पुन्हा गोण्या चढल्या. या वेळी जमिनीला हातच लावला नाही. खांबांना आडवे लोखंडी अँगल आवळले आणि घड्याळं त्यांच्यावर बसवली. मावशी दारात पहारा देत होत्या. बाई पाण्याची बाटली घेऊन आत यायला लागल्या तर मावशींनी त्यांना बाहेरच अडवलं. त्याही स्थितीत मला हसू आलं. पण मग आकडे घ्यायला स्लॅबखाली जावं लागलं. आधीच्या वेळी त्याच स्लॅबखाली सतरंजीवर बसून मी डबा खाल्ला होता. आता वर कुठे वाळू सरकल्याचा आवाज झाला तरी मान आत जायची. आकडा वाचायचा, लिहायचा, बाहेर यायचं.

एकाहत्तर आले. इकडचे तिकडे दोन धरले तरी पंचाहत्तर गाठत नव्हतं, आणि दुसऱ्यांदा टेस्ट केली की नियमाला ऐंशी लागतात. मध्यभागी केसासारखी एक नवी भेगही दिसत होती. सहाव्या घड्याळाचा काटा जागचा हलला नव्हता.

खोलीला कुलूप लागलं. बाईंनी कागदावर सही केली, माझ्याकडे न बघता. पोरं आणखी एक वर्ष पत्र्याखाली बसली, मग स्लॅबखाली लोखंडी तुळया दिल्या आणि नव्याने तपासणी होऊन खोली उघडली. ते काम दुसऱ्या लॅबने केलं. बाईंचा फोन पुन्हा कधी आला नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं.

कुलूप लागलं त्या दिवशी निघताना मावशी काळीपिवळीपर्यंत सोडायला आल्या. वाटेत म्हणाल्या, "म्याडम, एक इचारू? मी पाणी शिपलंच नसतं तर?"

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. पाणी पडलं नसतं तर माती फुगली नसती. सहावं घड्याळ शून्यावर राहिलं असतं. आकडा पंचाहत्तरच्या जवळपास आला असता, तर मला खटकावं असं काहीच नसतं, मी परत आलेच नसते, आणि जूनमध्ये त्यांची नात त्या स्लॅबखाली बसली असती. समोर बाई उभ्या असत्या, पेढे आणायला गाडी तयार असती.

न शिंपता आकडा काय आला असता, ते मला माहीत नाही. पण चौऱ्याहत्तर पूर्णांक नऊ आला असता, तर मी काय लिहिलं असतं, ते मला माहीत आहे.