अर्जुनाचा जोडीदार

द्राक्षबागेच्या छाटणीत एका ओळीला दोन माणसं लागतात. पुढचा कात्रीनं काडी छाटतो, मागचा तिच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांच्या जागांना, कोंब लवकर फुटावेत म्हणून पेस्ट लावतो. तासगाव भागात नाथाजीनं एकतीस हंगाम पुढं राहून छाटणी केली आणि एकतीस हंगाम त्याच्या मागं एकच माणूस राहिला, अर्जुना. आटपाडीकडून मेंढरांमागं आलेला तरणा धनगर, तो पुढं गावातच राहिला.

नाथाजी कामाला कडक. सातव्या डोळ्यावर छाटायचं ठरलं म्हणजे सातव्याच. एखादा डोळा पेस्टीवाचून राहिला की ओळ सोडून मागं यायचा, त्यावर बोट ठेवायचा. "ह्यो काय तुझ्या सासऱ्यानं लावायचा?" अर्जुना हसायचा आणि लावायचा.

मग नाथाजीचे गुडघे गेले, अर्जुनाची नजर गेली. दोघं घरी बसले. त्याच साली ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्र निघालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सांगलीला शिकलेली क्रांती ते चालवायची. हातपाय हलवायचे, कॅरम, भजन, गप्पा, रक्तदाब. नाथाजीला सगळा पोरखेळ वाटला. अर्जुना जायचा म्हणून तोही जायचा.

एकदा नाथाजी फलटणला लेकीकडं आठ दिवस राहून आला, तर केंद्राच्या भिंतीवर नवा कागद. प्रत्येकाला एक जोडीदार. केंद्राच्या दिवशी जोडीदार नऊपर्यंत आला नाही, तर लगेच त्याच्या घरी जाऊन बघायचं. नाथाजीनं बोट फिरवत वाचलं. अर्जुना आणि नानासो. स्वतःचं नाव शेवटी सापडलं, सिद्धूच्या शेजारी. सिद्धूला ऐकू येत नव्हतं आणि बसल्या जागी झोप लागायची.

"क्रांतीबाई, ह्ये कुणी लावलं?"

"ज्यानं त्यानं आपला जोडीदार निवडला, आबा. तुम्ही नव्हता."

"मी मेलो नव्हतो. फलटणला व्हतो."

नानासो फौजेतून सुभेदार होऊन आलेला. ताठ चालायचा, मिशीला पीळ. केंद्रातल्या चार महिन्यांच्या ओळखीत त्याला अर्जुना आवडावा आणि अर्जुनाला तो, हे नाथाजीला पचेना. नानासो अर्जुनाला पेपर वाचून दाखवायचा. लडाखच्या थंडीच्या गोष्टी सांगायचा. अर्जुना मान मागं टाकून हसायचा. ते हसणं नाथाजीला ओळखीचं होतं. एकतीस वर्षं ते त्याच्याच पाठीमागून ऐकू येत होतं.

"सुभेदार, सोंगटी तरी नीट मारा," नाथाजी एकदा म्हणाला. "हात बघा, लोण्यावाणी. कात्री धरली असती तर फोड आलं असतं."

"आमी बंदूक धरली, नाथाजी. ती बी जड असती."

अर्जुना पुन्हा हसला. नाथाजी दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. अर्जुनाच्या ते लक्षातही आलं नाही, याचा त्याला जास्त राग आला.

मार्गशीर्षातला शुक्रवार. नऊ वाजले, अर्जुना आला नाही. नाथाजीनं घड्याळाकडं पाहिलं, मग नानासोकडं. नानासो कॅरमवर वाकलेला.

"सुभेदार, तुमचा जोडीदार आला न्हाई."

"येवढा डाव झाला की निघतो."

नाथाजीला मनातून बरंच वाटलं. सापडला. ही असली माणसं. आता कुणाला काही सांगायचं नाही. सुभेदार किती वेळ लावतो ते बघायचं आणि सोमवारी सगळ्यांपुढं अर्जुनाला सांगायचं. तो भिंतीला टेकून बसला. सव्वानऊ. साडेनऊ. डाव संपला, नानासोनं चहा घेतला. नाथाजी मोजत राहिला. नऊ चाळीसला नानासो उठला, तसा हाही मागोमाग निघाला.

अर्जुना न्हाणीच्या दाराशी जमिनीवर बसून होता. ओल्या फरशीवर पाय घसरलेला, घोटा सुजून वांग्याएवढा. घरची सगळी बागेत. आठपासून हाका मारत होता.

नानासो खाली बसला. "अर्जुना, माझी चूक झाली. डाव टाकून यायला पायजे व्हतं."

"चाळीस मिनिटं!" नाथाजी दारातूनच ओरडला. "नवाला मी सांगितलं ह्येंला. साडेनऊला च्या पीत व्हते. मी घड्याळ लावून बघत व्हतो!"

अर्जुनानं मान वळवली. त्याला नीट दिसत नव्हतं, तरी तो आवाजाच्या दिशेनं बघत राहिला.

"तू चाळीस मिनिटं बघत बसलास?"

नाथाजी दारातून आत आला.

"त्यो खेळात रमला, नाथा. तुला तर ठावं व्हतं."

दोघांनी त्याला उचललं. नाथाजीचे गुडघे करकरले, पण त्यानं सोडलं नाही. रिक्षात अर्जुना मधे, कण्हत. वाटेत नाथाजीनं विचारलंच, "जोडीदार म्हनून माझं नाव का घेतलं न्हाईस?"

"सुभेदारानं इचारलं. तू कवा इचारलंस? तू धरूनच चालतोस. आन् तुझ्याम्होरं पाय घसरला तरी तू म्हनशील, नीट का टाकला न्हाईस." कळ आली तसा तो थांबला. "म्हातारपनी मला कुनी चुका काढाय नको, गड्या."

नानासो बाहेर बघत होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं, आणि त्याचाही नाथाजीला राग आला.

घोट्याला प्लास्टर. दीड महिना घरी. सोमवारी नाथाजी केंद्रात गेला नाही, अर्जुनाच्या घरी गेला. ओसरीवर नानासो आधीच पेपर वाचत बसलेला. नाथाजीचं तोंड कडू झालं. परत फिरावं असं वाटलं. फिरला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"अर्जुना," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. "मी येत जाऊ का रं?"

अर्जुनानं प्लास्टरचा पाय जरा सरकवला.

"सकाळी सुभेदार असतोय," तो म्हणाला. "दुपारी कुनी नसतं. दुपारी ये."

दुपार म्हणजे उरलेली वेळ, हे नाथाजीला कळलं. एकाला जेवण्याआधी बसायला मिळतं, दुसऱ्याला जेवणानंतरची पेंग. बरोबरीचं माप नव्हतं हे.

"येतो," तो म्हणाला.