प्रबळमाचीवरची कापणी

हिराजी गेल्याचा निरोप कंपनीत आला तेव्हा मी बॉयलरजवळ उभा होतो. त्याच्या पुतण्याने गेटवर फोन केला होता. बोनकोड्याला त्याच्या घरी पोचलो तर अंगणात माणसं मावत नव्हती. दारातूनच मागे फिरावं की काय, असं वाटत राहिलं... कारण गेलं जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी बोलत नव्हता, आणि त्यात चूक कोणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. मी साताऱ्याकडून येऊन जुईनगरच्या सोसायटीत दोन खोल्यांत राहणारा. तो बोनकोड्याचा आगरी, बापजाद्यांच्या भातखाचरांवर इमारती उठताना पाहिलेला. त्याला एका जागी बसवायचं नाही. डबासुद्धा उभ्यानेच खायचा. एक्याण्णव साली दिवाळीनंतरच्या सुटीत मी सहज म्हटलं, प्रबळगडला चल. पनवेलहून एसटी, पुढे चढण. माझं लक्ष माथ्याकडे; पण अर्ध्यावर, माचीवर, कमळूबाबा नावाचा एक म्हातारा ठाकर एकटाच नाचणी कापत होता. हिराजी थांबला. त्याच्याकडून दुसरा विळा मागून घेतला आणि वाकून कापायला लागला. मी तासभर वाट पाहिली, वैतागलो, एकटाच वर जाऊन आलो. उतरलो तेव्हा तो कापलेल्या शेताच्या कडेला गाढ झोपला होता. त्याला इतका निवांत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग दरवर्षी तेच. मी माथ्यावर, तो माचीवर. इतक्या लांब येऊन तुला गड बघायचा नाही का, असं एकदा मी चिडून विचारलं. तो म्हणाला, “गड कुठं पलून चाललाय? पीक थांबत नाय.”

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात त्याला हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी डोंगर कायमचा बंद केला. दिवाळी सरली तसा तो माझ्या घरी आला आणि खिडकी ते दार फेऱ्या मारत राहिला. हळूहळू चढू, माचीपर्यंतच, पण मंजुळाला बोलू नको, म्हणाला. मी हो म्हटलं, आणि संध्याकाळी जाऊन त्याच्या बायकोला, मंजुळावहिनींना, सगळं सांगितलं. त्यांनी त्याला गळ्याची शपथ घातली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर तो एवढंच बोलला, “शिंदे, तू मना घरान कोंडून मारलास.”

त्यानंतर समोरून आला तरी मान वळवायचा. घरी दिवसदिवस गच्चीवर चालत असतात, असं वहिनी सांगायच्या. गेलाही तसाच, एका सकाळी गच्चीवर चालता चालता. ते ऐकल्यापासून माझं डोकं एकाच जागी फिरतंय. जायचंच होतं, तर माचीवर का नाही? आणि माचीवर गेला असता, तर वहिनींसमोर कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

या दिवाळीनंतर मला घरात बसवेना. कमळूबाबाला सांगायलाही हवं होतं. वर पोचलो तेव्हा बहुतेक कापणी उरकली होती. बांधाकडेचा एक पट्टा तेवढा उभा होता, कणसं वाळून झुकलेली. म्हातारा माझ्यामागे वाटेकडे बघत होता. मी सांगितलं. तो बांधापर्यंत चालत गेला. मग त्या पट्ट्याकडे हात करून म्हणाला, “त्याच्यासाटी ठेवलाय. गेल्या सालीबी ठेवलेला... पाखरांनी खाल्ला.”

मी विळा मागितला. गाव सोडल्यापासून हातात धरला नव्हता. दुसऱ्याच मुठीला बोट कापलं, बाबाने वर राख दाबली. गडाचा माथा डोक्यावर होता, तिकडे गेलो नाही. पट्टा संपायला दुपार कलली, आणि संपला तरी जिवाला थारा नव्हता.

निघताना बाबा म्हणाला की पुढल्या सालीही तो तेवढा पट्टा ठेवणार, आता हाताला सवय झालीय. मी येईन का, हे त्याने विचारलं नाही.