रुखवतातल्या खारट वड्या

लग्नाच्या रुखवतात आजकाल काय मांडतात ते बघितलंय का कधी जवळून? प्लास्टरचे लाडू. वर केशरी रंग मारलेला, बेदाण्याच्या जागी काळा ठिपका. मातीच्या करंज्या, थर्माकोलचं तुळशीवृंदावन आणि सगळ्याला जिलेटिनचा कागद गुंडाळून लाल फीत. दुकानात संचच्या संच तयार मिळतो. माझ्या बहिणीनं लेकीच्या लग्नासाठी असलाच संच लोणंदहून आणला आणि माझ्यापुढं उघडून म्हणाली, "किती खरं वाटतंय न्हाई?"

मी म्हटलं, "व्हय, चावून दात पडला की अजून खरं वाटेल."

भाची नोकरीसाठी माझ्याकडंच साताऱ्यात राहायची. स्थळ सांगलीचं, उसाचं घर. मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तो लष्करात. सुट्टीला येणार आणि जाणार. पोरीला दिवस काढायचे ते सासूबरोबर. आणि सासूबाई म्हणजे काय विचारता! बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सयपाक येतोय का गं?" ही खुळी खरं बोलली. "थोडा येतो, शिकतेय." झालं! पत्रिका छापायच्या आत फलटणच्या नातलगांपर्यंत बातमी पोचली की पोरीला साधा चहा येत न्हाई. स्वतः त्या बाईंच्या हातचा चहा मी प्यायलेय, त्यावर न बोललेलं बरं.

पोरगी त्या दिवसापासून नीट जेवेना. मग एक दिवस म्हणाली, "मावशी, रुखवतात एक तरी पदार्थ माझ्या हातचा ठेवणार. त्यांनी तो खायचा आणि मग काय बोलायचं ते बोलायचं."

मला बरं वाटलं. म्हटलं चिरोटे करील, अनारसे करील. छे! बाईसाहेबांनी मोबाईलमध्ये बघून ठरवलेलं, सॉल्टेड कॅरमलचे क्रिस्पी बार. म्हणजे साखर करपेपर्यंत वितळवायची, तिच्यात लोणी, क्रीम आणि मीठ घालायचं, मग तांदळाचे फुलवलेले दाणे घोळवून वड्या पाडायच्या. दाण्यांचा डबा ऑनलाइन मागवलेला. उघडून बघते तर चुरमुरे! जरासे बुटके, जरासे गोड, बाकी चुरमुरेच.

"अगं, भडंगाच्या गावच्या सांगलीकरांना चुरमुरे चारायला निघालीस व्हय?"

"सिरियल असतं ते, मावशी."

"डोंबलाचं सिरियल!"

आणि गोडात मीठ. पुरणात चिमूटभर घालतो ते वेगळं, ते कुणाला कळतसुद्धा नाही. ही तर मिठाची कणी वरून भुरभुरणार होती, जिभेला मुद्दाम लागावी म्हणून. नसती थेरं! व्हिडिओतल्या बाईचा ओटा असा पांढराशुभ्र की त्यावर कधी भाकरी थापली नसणार. ती बाई हसत हसत कढई हलवत होती. कढईपुढं उभं राहून हसणाऱ्या बाईवर माझा तरी विश्वास बसत नाही.

पहिली खेप अर्थातच जळाली. पोरगी मोबाईलकडं बघत राहिली आणि साखर काळीठिक्कर पडली. वरून क्रीम ओतलं, तर पाक फस्सकन उसळून वर आला आणि आम्ही दोघी किंचाळत मागं झालो. माझी जाड बुडाची कढई! घासून घासून मनगटं भरून आली. मी मोबाईल काढून घेतला आणि फ्रीजवर टाकला. "त्या बाईकडं नको, कढईत बघ."

दुसऱ्यांदा तिनं कढईवरची नजर काढली नाही. साखर मधाच्या रंगावर आली तसा गॅस बारीक केला, लोणी घातलं, क्रीम थोडं थोडं सोडलं. दाणे घोळवले, तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडानं दाबून बसवले. गार झाल्यावर मी एक वडी तोंडात टाकली, नाव ठेवायला म्हणूनच. पण काय सांगू, चांगली झाली होती. आधी कुरकुरीत गोड लागतं, मग मीठ येतं आणि हात आपोआप दुसऱ्या वडीकडं जातो. मी म्हटलं, "खाण्यासारखं झालंय." साताऱ्यात यापेक्षा जास्त कौतुक आम्ही कुणाचंच करत नाही.

लग्नात काय झालं, तर तिच्या आईनं वड्या भरलेल्या काचेच्या बरणीलाही जिलेटिनचा कागद गुंडाळला आणि ती प्लास्टरच्या लाडवांच्या रांगेत ठेवली. सांगलीच्या बायका आल्या, फोटो काढले, "लय छान हाय" म्हणाल्या आणि पंगतीला पळाल्या. बरणीला कुणी बोट लावलं नाही.

पाठराखीण म्हणून मी पोरीबरोबर सांगलीला गेले. संध्याकाळी सासूबाईंनी सगळं रुखवत शोकेसमध्ये मांडलं. लाडू, करंज्या, बाहुला-बाहुली, आणि मधोमध आमची बरणी! त्यांना तीही खोटीच वाटली. मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरीनं माझा हात दाबला. पहिल्याच संध्याकाळी मावशीनं भांडण काढलेलं तिला नको होतं. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून लवकर अंथरुणात शिरले.

सकाळी नवी नवरी बघायला शेजारच्या बायका जमल्या, आणि सासूबाईंचा आवाज आला, "अगं बया! प्लास्टरला मुंग्या कशा लागल्या?"

"ते खरं आहे, आई," पोरगी म्हणाली. "खायचं आहे. मी केलंय."

तिनं मुंग्या झटकल्या, कागद फाडला, वड्या ताटलीत काढल्या आणि पहिल्यांदा सासूबाईंपुढं धरल्या. माझा जीव टांगणीला लागला. सासूबाईंनी वडी चावली, थांबल्या, आणि बायकांकडं बघत म्हणाल्या, "खारट झालंय की गं! साखरेत मीठ पडलं का काय तुझ्या हातनं?"

बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आवं, मुद्दाम घालतात मीठ त्यात!" मी म्हटलं.

"व्हय व्हय, मुद्दाम!" सासूबाई म्हणाल्या, आणि हशा आणखी वाढला. "मी म्हणलंच हुतं, पोरीला सयपाकातलं काय बी येत न्हाई."

पोरगी ताटली धरून उभी. चेहरा उतरलेला, पण डोळे सासूबाईंच्या हातावर. मी पण बघायला लागले. बाई बोलता बोलता पहिली वडी संपवून दुसरी खात होत्या. "लय खारट," म्हणाल्या, बोटं चाटली आणि तिसरी उचलली. पदरावर भुगा सांडलेला. ती संपली तशी, तोंडातलं गिळायच्या आत, हात पुन्हा ताटलीकडं आला.

पोरीनं ताटली मागं घेतली.

"खारट आहे ना, आई? मग नका खाऊ," ती शांतपणे म्हणाली, आणि ताटली घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.



"अगं, असू दे की," सासूबाई म्हणाल्या. हात अजून तसाच पुढं होता.