भिंतीकडचा चेहरा

बाबाजी पाथरवटाने बारा चेहरे घडवले, आणि एकाचेही डोळे उघडले नाहीत.

आखातात, फुजैराला नवं चर्च उभं राहत होतं, युरोपातल्या नऊशे वर्षांपूर्वीच्या घाटाचं. जाड गोल खांब, त्यांवर अर्धगोल कमानी. खांबांचे तळखडे आणि माथे घडवायला बाबाजी रोज पहाटे दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातून कंपनीच्या बसने निघे. तळखड्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक वळवलेलं पान, आणि माथ्यावर तोंडातून वेल ओकणारा माणूस. नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबाजी हसला होता. "ह्यो तर आपल्या देवळातला कीर्तिमुख! हितं कवा आला?"

ढोबळ काम मशीन करी. नाक, ओठ, वेलीचा पीळ हाताचा. डोळे मात्र तो नुसते फुगीर ठेवी, मिटल्यासारखे. त्याच्या घराण्याची रीतच होती. दगड जागेवर बसल्याशिवाय त्याचे डोळे उघडायचे नाहीत, आणि उघडायचे ते घडवणाऱ्यानेच. वाटेतच डोळस झालेला दगड जागा धरत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. नजर उघडते ती शेवटच्या घावाने; तो घालताना समोर आरसा धरायचा आणि आपण बाजूला व्हायचं. पहिली नजर घडवणाऱ्यावर पडली, तर ती त्याला घेऊन जाते.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पाथरवटाला हे ठाऊकच असतं, असं तो धरून चालला. इथे पाथरवट तो एकटाच होता.

माथे खांबांवर चढले. त्याच आठवड्यात व्हिसाच्या तपासणीत त्याच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. तीस वर्षांची दगडाची धूळ. व्हिसा नाकारला गेला, गुरुवारचं परतीचं विमान ठरलं. परांचीही गुरुवारीच उतरणार होती.

बुधवारी सकाळी तो साइट इंजिनियर मृणालिनीसमोर जाऊन उभा राहिला. ती पुण्याची, आता दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीत राहणारी.

"मॅडम, डोळं राहिल्यात."

"कुठले डोळे, काका?"

"बाराही जणांचं. बुबुळं काढायची हायती. आजचा दिवस द्या."

"अहो, तो ब्लाइंड लूकच तर क्लायंटला आवडलाय! फायनल अप्रूव्हल झालंय. आता टच नाही करता येणार."

"आंधळं हाय म्हनून आवडलं?"

"जुनं वाटतं म्हणाले."

बाबाजी खालीच बसला. श्वास लागला होता. त्याच्या छातीतली शिट्टी तिला हातभरावरून ऐकू आली. तिने पाण्याची बाटली दिली आणि हातातले कागद मिटले.

"एक," ती म्हणाली. "मागचा. भिंतीकडे तोंड आहे तो, कोणाला दिसणार नाही. अर्धा तास, काका. आणि मी काही पाहिलेलं नाही."

परांचीचे सहा टप्पे. पूर्वी तो विडी तोंडात धरून चढायचा, आज दर टप्प्याला थांबला. मागून फोरमन अलीमियाँ हात पुढे धरून चढत होता.

"उस्ताद, गिरना मत. मेरी नौकरी जाएगी."

"मेरी तो खलास हो गई, मियाँ. चलो, यल्ला."

वर फळी दोन वीत रुंद. पुढ्यात चेहरा, पाठीला भिंत. बाबाजीने छिन्नी टेकवली. चार घाव, श्वास. चार घाव, श्वास. डावं बुबुळ झालं. उजव्यातली शेवटची कपची तेवढी ठेवून त्याने ओल्या फडक्याने दगड पुसला. खिशात दाढीचा आरसा होता. बाजूला व्हायला मात्र जागाच नव्हती.

"लाओ, शीशा मैं पकड़ता हूँ," अलीमियाँ म्हणाला.

"रहने दो."

चौदा वर्षांत या मुलखात त्याच्याकडे कुणी निरखून पाहिलं असेल, तर ते त्या एक्स-रेच्या मशीनने. बाबाजी चेहऱ्यासमोर नीट बसला आणि शेवटचा घाव घातला. कपची उडाली. तो हलला नाही.

खाली उतरल्यावर मृणालिनीने विचारलं, "झालं, काका?"

"झालं."

जाताना तो उरलेल्या अकरा खांबांपाशी थांबत गेला. वर बघायचं त्याला तोंड नव्हतं. तळखड्यांच्या कोपऱ्यांवरच्या पानांवरून हात फिरवला, आणि बसकडे निघाला.